एच७ वरचं प्यादं

जूनमधला रविवार, बाहेर धो-धो पाऊस. नौपाड्यातल्या एका शाळेचा पहिल्या मजल्यावरचा हॉल, बुद्धिबळ स्पर्धेची सातवी आणि शेवटची फेरी. पंखे घरघरत होते आणि खिडक्या बंद असल्यामुळे हॉलभर ओल्या छत्र्यांचा वास होता. अकराव्या पटावर माझी सातवीतली विद्यार्थिनी काळी मोहरी घेऊन बसली होती. समोर कळव्याचे एक काका, वय साठीच्या आसपास, ठाणे-डोंबिवलीच्या स्पर्धांत नेहमी दिसणारे. पटावर फक्त राजे आणि प्यादी उरली होती, दोन्हीकडे सहा-सहा. मी दोरीच्या अलीकडून पाहिलं, मनात "बरोबरी" म्हटलं आणि तिच्या आईला तसं सांगूनही टाकलं. माझ्या शेजारी उभे असलेले दुसरे प्रशिक्षकही तेच म्हणाले.

सहा चालींनंतर काकांनी हात पुढे केला. डाव काळ्याने जिंकला होता.

असे डाव ठाण्यात दर रविवारी होतात आणि सोमवारी विसरले जातात. हा मी वहीत उतरवला, कारण पटाजवळ उभ्या असलेल्या दोन मोठ्या माणसांना जे दिसलं नाही ते खुर्चीवर बसलेल्या मुलीला दिसलं होतं. शिवाय डाव ज्या प्याद्यावर फिरला, ते चाळीसाव्या चालीपर्यंत जागचं हललंच नव्हतं. रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, चाली लिहून ठेवायची सक्ती नसते. तिने घरी जाऊन रात्री आठवून लिहिल्या. मधल्या दोन ठिकाणी क्रम चुकला असावा असं तिचंच म्हणणं आहे, पण शेवटच्या आठ चालींबद्दल तिला, काकांना आणि मला, कुणालाच शंका नाही.

आधी परिस्थिती. प्रत्येकी २५ मिनिटं आणि दर चालीला १० सेकंद वाढीव. काकांचं रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, १७०० च्या जरा खाली, तिचं १४६० च्या घरात. फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, १ मार्च २०२४ पासून रेटिंगचा तळ १००० वरून १४०० वर नेला, त्यामुळे हल्ली १४६० म्हणजे नुकताच जिना चढायला लागलेला खेळाडू. काकांना बरोबरी चालणार होती, ज्येष्ठांच्या गटातलं बक्षीस त्यांच्या हातात होतं. तिला मुलींच्या गटातल्या चषकासाठी जिंकणं भाग होतं. आणि रंग आला काळा. सात फेऱ्यांच्या स्विस लीगमध्ये (दर फेरीला साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावतात) कुणाला तरी चार वेळा काळी मोहरी मिळणारच, यावेळी ती पाळी तिची. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा तिचा चेहरा पडला होता, हे मी पाहिलं होतं.

काळ्याचं रडगाणं अगदीच खोटं नाही. आजवरच्या डावांचा हिशेब मांडला तर पांढऱ्याच्या वाट्याला शंभरातले साधारण ५४-५५ गुण येतात. पण ही सरासरी बहुतेक तोलामोलाच्या, सावध खेळाडूंची. ठाण्यातल्या रविवारच्या हॉलमध्ये, शेवटच्या फेरीत, पोटात भूक आणि घड्याळात सहा मिनिटं असताना पहिल्या चालीचा फायदा किती उरतो ते तिथे बसलेल्यालाच ठाऊक.

डावाची सुरुवात अशी झाली (ए ते एच या उभ्या पट्ट्या, १ ते ८ या पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या रांगा, × म्हणजे मारणं; प्रत्येक आकड्यापुढे आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची, आणि आकड्यापुढे तीन टिंबं असली तर ती काळ्याची): १. ई४ सी५ २. सी३ डी५ ३. ई×डी५ वजीर×डी५ ४. डी४ घोडा एफ६ ५. घोडा एफ३ ई६ ६. उंट डी३ घोडा सी६ ७. किल्लेकोट सी×डी४ ८. सी×डी४ उंट ई७ ९. घोडा सी३ वजीर डी६. सिसिलियन बचावात, म्हणजे ई४ ला काळ्याने सी५ असं उत्तर दिल्यावर, पांढऱ्याने दुसऱ्या चालीला सी३ केलं की त्याला अलापिन म्हणतात. मोठ्या वयाच्या खेळाडूंचा हा आवडता रस्ता, कारण सिसिलियनचं पाठांतर टळतं. बदल्यात डी४ वर एक प्यादं एकटं पडतं. शेजारच्या सी आणि ई पट्टीवर त्याला सांभाळायला भाऊबंद नसतात. पटावर मोहरी भरपूर असतात तोवर हे प्यादं पांढऱ्याला जागा देतं, हल्ल्याला बळ देतं. मोहरी कमी होत गेली की तेच ओझं होतं. म्हणून काळ्याचं धोरण सोपं: अदलाबदल कर, पुन्हा अदलाबदल कर. सोपं म्हणजे सांगायला.

चौदाव्या चालीच्या सुमाराला काकांनी उंट सी२ वर आणि वजीर डी३ वर आणून दोघांचा रोख एच७ वर धरला. इथे वर्गातल्या दहापैकी आठ मुलं विचार न करता एच६ करतात. दोष माझाच. "राजाला पळवाट ठेवा" हे मी इतक्या वेळा सांगितलंय की एच प्याद्याला त्यांचा हात आपोआप जातो. पण इथे एच६ ने ती तिरकी वाट बंद होत नाही, एफ६ वरचा घोडा हलला की वजीर एच७ वर येऊन शह देतोच. तिने जी६ केलं. वाट बंद, राजाला जी७ मोकळं, आणि एच७ वरचं प्यादं तिथेच. तिने हे पुढचा विचार करून केलं का? अजिबात नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "सर, तिरकं बंद करायचं होतं." या डावातला नशिबाचा भाग कुठला असेल तर तो हा.

पुढच्या वीसेक चाली मी गाळतो. घोडे गेले, वजीर गेले, हत्तींच्या दोन्ही जोड्या सी पट्टीवर खर्ची पडल्या. काकांनी एफ४ केलं, तिने एफ५ ने ते अडवलं. वजिराच्या बाजूला ए३-बी४ आणि ए६-बी५ अशी प्यादी एकमेकांसमोर गोठली. काकांचं चुकलं असं कुठे फारसं नाही. ते बरोबरीच्या दिशेने नीट चालले होते, आणि एका अर्थी तीही त्यांना त्याच दिशेने नेत होती.

आता पट मांडा. सदतिसाव्या चालीनंतरची स्थिती. पांढरा: राजा डी३, उंट ई२, प्यादी ए३, बी४, डी४, एफ४, जी३, एच२. काळा: राजा डी६, उंट बी३, प्यादी ए६, बी५, ई६, एफ५, जी६, एच७. चाल पांढऱ्याची.

दोघांचेही उंट पांढऱ्या घरांवरून फिरणारे. काळ्याची सहाच्या सहा प्यादी पांढऱ्या घरांवर, पांढऱ्याची सहाच्या सहा काळ्या घरांवर. म्हणजे काळ्याचा उंट आपल्याच प्याद्यांत अडकणारा, आणि पांढऱ्याच्या उंटाला काळ्याचं प्रत्येक प्यादं म्हणजे उघडं दुकान. उंट टिकले तर त्रास काळ्याला. काकांनी हे बरोबर ओळखलं आणि ३८. उंट एफ३ केली. बेत सरळ होता, पुढे बी७ वर जायचं आणि ए६ चं प्यादं उचलायचं.

ती चार मिनिटं बसली. तिच्याकडे उरलेली होती साडेसहा. मी दुरून घड्याळ पाहत होतो आणि आतल्या आत चरफडत होतो, कारण मला राजा सी७ ही चाल दिसत होती. बी७ राखायचं, बसून राहायचं. ती चाल चुकीची नाही, पण तिने काही जिंकताही येत नाही. तिने उंट उचलला आणि डी५ वर, काकांच्या उंटासमोर ठेवला. ३८... उंट डी५.

एफ३ वरच्या उंटाला कुणाचा आधार नव्हता, तेव्हा काकांना कामाचे दोनच रस्ते होते: मारायचं, नाहीतर ई२ किंवा डी१ वर परत जायचं. परत जाणं चांगलं होतं. ई२ वर उंट राहिला की राजाला ई३ कडे सरकता येतं आणि सी४ वर पहारा कायम राहतो. लढत लांबली असती, कदाचित बरोबरीतच सुटली असती. पण ज्याला बरोबरी हवी आहे त्याला अदलाबदल नेहमीच गोड लागते. राजा आणि सहा-सहा प्यादी, त्यात कोण जिंकणार? ३९. उंट×डी५. आता तिलाही दोन पर्याय. ई प्याद्याने मारलं तर सगळं बंद होऊन बरोबरी. तिने राजाने मारलं. ३९... राजा×डी५.

मी "बरोबरी" म्हटलं ते इथे.

दोन राजे डी३ आणि डी५ वर समोरासमोर, मध्ये डी४ चं एकटं प्यादं. ज्याला राजा हलवावा लागेल त्याचं घर फुटणार. पांढरा राजा सी३ वर गेला तर काळा ई४ मधून आत शिरतो. ई३ वर गेला तर सी४ मधून. म्हणजे दोघांनाही राजा जागेवर ठेवून दुसरं काहीतरी खेळायचं आहे, आणि ते दुसरं काहीतरी फक्त एच पट्टीवर शिल्लक आहे. आमच्या वर्गात या चालींना सुट्टे म्हणतात. हा शब्द मी बनवलेला नाही, एका मुलाने बनवला. स्टेशनाबाहेर रिक्षावाला आणि प्रवासी दोघंही "सुट्टे नाहीत" म्हणून अडून बसतात, आणि ज्याला उशीर होतोय तो नोट सोडून देतो. पटावरही तसंच. ज्याचे सुट्टे आधी संपले त्याला राजा सोडावा लागतो.

मोजून पाहू. पांढऱ्याचं प्यादं एच२ वर. तो एच३ आणि मग एच४ अशा दोन चाली खेळू शकतो, किंवा एकदम एच४ करून एका चालीत संपवू शकतो. म्हणजे एक की दोन, निवड त्याच्या हातात. काळ्याचं प्यादं एच७ वर, त्याचंही तसंच: एच६ आणि एच५, किंवा एकदम एच५. चाल पांढऱ्याची असल्यामुळे आधी खर्च त्याला करायचाय. त्याने दोन खर्चले तर काळा दोन खर्चेल. त्याने एकच केला तर काळ्याला एक पुरेसा आहे. दोन्ही वेळा आधी रिकामा होतो तो पांढरा.

आता हेच प्यादं एच६ वर आधीच गेलेलं आहे असं धरा. काळ्याकडे एकच सुट्टा उरतो. पांढरा एच३ करतो, काळा एच५, पांढरा एच४, आणि राजा हलवायची पाळी काळ्यावर. काळा मागे हटतो, पांढरा राजा डी३ च्या आसपास येरझारा घालत बसतो, बरोबरी. चौदाव्या चालीला तिने इतरांसारखं एच६ केलं असतं तर उंट डी५ ही चाल निव्वळ बरोबरीचा प्रस्ताव ठरली असती.

आणि चाल कुणाची, तेही तितकंच महत्त्वाचं. हीच स्थिती, प्यादं एच७ वरच, पण खेळायची पाळी काळ्याची असती तर आधी खर्च काळ्याला करावा लागला असता आणि जिंकणं हातचं गेलं असतं. डी५ वर उंट ठेवून काकांना मारायला लावणं यात खरी खुबी आहे. मारण्यात त्यांची चाल गेली, परत मारण्यात तिची, आणि पाळी पुन्हा त्यांच्यावर आली. त्यांचा राजा डी३ वर आधीच उभा होता, म्हणून त्यांना तिथे पोचायलाही चाल खर्चता आली नाही.

४०. एच३. चाल करून काका म्हणाले, "बरोबरी?" आणि घड्याळ दाबलं. नियमाप्रमाणे असंच करायचं असतं: आधी चाल, मग प्रस्ताव, मग घड्याळ. समोरच्याने उत्तर न देता चाल केली की प्रस्ताव आपोआप नाकारला जातो. ती काही बोलली नाही. हात एच प्याद्याकडे गेला.

इथे मला वाटलं, एच५. मुलांना एकदम दोन घरं पुढे जायला आवडतं, आणि दिसायलाही ती चाल बरी दिसते: जी४ ला अटकाव, जागा पुढे. पण ४०... एच५ ला ४१. एच४ असं उत्तर आलं असतं आणि सुट्टे तिचे संपले असते. तिने प्यादं एकच घर सरकवलं. ४०... एच६. दोरीच्या या बाजूला माझ्या शेजाऱ्याने "अरे, हे काय" असा आवाज काढला. खरं सांगायचं तर मला कळायला आणखी एक चाल लागली.

४१. एच४ एच५.

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांच्याकडे नऊ मिनिटं होती, वेळेची अडचण नव्हती. ते पटाकडे वाकले, मग मागे टेकले. त्यांना समजलं तो क्षण मला दुरूनही दिसला. कारण त्यांनी आधी एच पट्टीकडे पाहिलं, मग ए पट्टीकडे, आणि मग नुसतं डी३ कडे पाहत राहिले. बुद्धिबळातला हा चमत्कारिक प्रकार: काहीच न खेळता आलं असतं तर सगळं ठीक होतं, पण खेळावं तर लागतंच. जर्मनमधून आलेला त्याचा शब्द झुग्झवांग सगळ्या प्रशिक्षकांच्या तोंडी असतो. सुट्टे संपणं हे त्याचंच आमच्याकडचं नाव.

४२. राजा ई३ राजा सी४ ४३. राजा एफ३ राजा×डी४ ४४. राजा ई२ राजा सी३ ४५. राजा ई३ राजा बी३. ए३ चं प्यादं पडणार, पाठोपाठ बी४ चं, आणि काळ्याच्या दोन जोड प्याद्यांना अडवायला कुणी नाही. काकांनी घड्याळ थांबवलं आणि हात दिला.

मग बाहेर व्हरांड्यात, चकलीचा डबा मध्ये ठेवून, पोस्टमॉर्टेम. हा भाग मला डावाइतकाच आवडतो. काका हरले होते, बक्षीसही गेलं होतं, तरी त्यांनी स्वतःच पट पसरला.

"बाळा, एच५ का नाही केलंस? मी त्याचीच वाट बघत होतो."

"काका, तुमच्याकडे तेव्हा एक राहिली होती. मी दोन घरं गेले असते तर माझी एकही राहिली नसती."

"आणि उंट दिलास तेव्हाच हे मोजलं होतंस?"

"हो. म्हणजे तुमचे मोजले, माझे मोजले." जरा थांबून ती म्हणाली, "पण जी४ नव्हतं बघितलं."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी तिच्यावर खूश झालो, कारण नसतं सांगितलं तरी चाललं असतं. आणि काकांचे डोळे चमकले. जी४! एक्केचाळिसाव्या चालीला एच४ ऐवजी जी४ केलं असतं तर? पंधरा मिनिटं आम्ही तेच घोळवत बसलो. ४१. जी४ एफ×जी४ ४२. एच×जी४, आणि आता काळ्याने सुट्टे मोजत बसायचं नाही, लगेच ४२... एच५ करायचं. पांढऱ्याने मारलं तर जी प्याद्याने परत मारायचं, आणि काळ्याला एच पट्टीवर मोकळं, लांबचं प्यादं मिळतं. पांढरा राजा त्याच्यामागे गेला की काळा सी४ मधून आत. न मारता जी५ केलं तर एच४, आणि पांढरा राजा त्या प्याद्याच्या मागे धावेपर्यंत डी४ पडतं, मग एफ४ पडतं. काकांनी तीन वेळा तीन तऱ्हांनी खेळून पाहिलं, तिन्ही वेळा हरले, मग समाधानाने पट गुंडाळला. म्हणजे जी४ ने वाचता आलं नसतं. पण ते तिला पटावर असताना माहीत नव्हतं, हे खरं. चार मिनिटांत तिने जिंकण्याचा रस्ता शोधला, त्यातलं एक वळण न पाहता. रॅपिडमध्ये यापेक्षा जास्त मागू नये.

मी विचारलं, डी५ वर उंट ठेवायचं सुचलं कसं? उत्तर मला अपेक्षित होतं, कारण गुकेश जगज्जेता झाला त्या दिवशी दुपारी अडीचला आम्ही सगळे एका सोसायटीच्या हॉलमध्ये स्क्रीनसमोर बसलो होतो. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा आणि शेवटचा डाव. गुकेशकडे काळी मोहरी, गुण साडेसहा-साडेसहा. पटावर फार काही उरलेलं नव्हतं आणि सगळे टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरीनंतरच्या जलद निर्णायक डावांच्या, गोष्टी करू लागले होते. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण तेवढ्याने काही होणार नाही असंच वाटत होतं. पंचावन्नाव्या चालीला समोरच्या डिंग लिरेनने, तेव्हाच्या जगज्जेत्याने, हत्ती एफ२ वर नेला. त्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता. गुकेशने हत्तींची अदलाबदल केली आणि उंट डी५ वर ठेवला. कोपऱ्यातल्या उंटाला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. उंट गेले, राजे आणि प्यादी उरली, आणि अठ्ठावन्नाव्या चालीला डिंगने डाव सोडला. साडेसात-साडेसहा. अठरा वर्षांचा जगज्जेता, आणि तोही काळ्या मोहऱ्यांनी शेवटचा डाव जिंकून. पुढच्या वर्षी २८ जुलैला बटुमीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला हरवलं, तेव्हाही निर्णायक रॅपिड डावात तिच्याकडे काळीच मोहरी होती. मुलांच्या डोक्यात हे सगळं ताजं आहे.

पण इथे मला जरा हात आखडता घ्यावासा वाटतो. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, उंट गेले की त्याचं जिंकणं उघड होतं. आमच्या डावात प्यादी सारखी होती. उंट डी५ ही चाल दिसायला तीच, पण नकलेने जमणारी नाही. माझ्या वर्गातल्या दोघांनी नंतर आपापल्या डावांत उंट असाच समोर नेऊन ठेवला आणि एकाने त्यात चक्क प्यादं गमावलं. तिने सिंगापूरचा डाव आठवला असेल, पण वापरली ती मोजणी, आणि ती तिची स्वतःची होती.

तिच्या आजोबांचं मत वेगळंच. ते सांगलीकडचे, लहानपणी देशी पद्धतीने बुद्धिबळ शिकलेले. संध्याकाळी मी तिला सोडायला घरी गेलो तर त्यांनी पट मांडून सगळं समजावून घेतलं आणि म्हणाले, "आमच्यात प्यादं एका वेळी एकच घर जायचं. पहिल्या चालीलासुद्धा. तुमचं हे एच५ की एच६, आमच्याकडे हा प्रश्नच नव्हता." मी म्हटलं, मग काकांनाही एच२ वरून थेट एच४ करता आलं नसतं. ते म्हणाले, "म्हणजे निकाल तोच." मी रात्री घरी येऊन पाहिलं. बरोबर आहे. एच३, एच६, एच४, एच५. प्रत्यक्ष डावात दोघंही एकेकच घर चालले होते. दोन घरांची सवलत एच पट्टीवर कुणी वापरलीच नाही, ती तिथे फक्त चुकायला एक जादा संधी म्हणून हजर होती.

पुढच्या शनिवारी वर्गात मी ही स्थिती तीन प्रकारे मांडली. एका पटावर जशीच्या तशी. दुसऱ्यावर काळ्याचं प्यादं एच६ वर. तिसऱ्यावर प्यादं एच७ वरच, पण पहिली चाल काळ्याची. मुलं जोड्यांनी, बाजू बदलून खेळली. पहिल्या पटावर काळ्याचे जे डाव निसटले ते सगळे घाईत केलेल्या एच५ मुळे. दुसऱ्या पटावर पांढऱ्याने एच३ शोधलं की बरोबरी, आणि ज्यांनी रुबाबात एकदम एच४ केलं ते हरले, कारण काळ्याने एच५ करून त्यांचे सुट्टे संपवले. म्हणजे त्या पटावर दोन घरं जाण्याची हौस पांढऱ्याला नडली. तिसऱ्या पटावर एका मुलाला काळ्याने जिंकता येत नाही हे मान्यच होईना. तो तासभर भांडला, शेवटी त्याला घरून बोलावणं आलं.

या सगळ्याचा एक दुष्परिणाम झाला आणि तो लिहिल्याशिवाय प्रकरण पुरं होणार नाही. ऑगस्टमध्ये घोडबंदर रोडवरच्या एका स्पर्धेत आमचाच एक दहा वर्षांचा मुलगा चौथ्या फेरीत रडवेला होऊन बाहेर आला. डावात तो एका हत्तीने पुढे होता. समोरच्याने आपला उरलेला हत्ती थेट ई८ वर आणून शह दिला आणि डाव संपला. राजा जी८ वर, समोर एफ७, जी७, एच७ तिन्ही प्यादी जागच्या जागी, पळायला एक घर नाही.

"अरे, आधी एच६ करायचं होतंस ना," मी म्हटलं.

त्याने नाक ओढलं. "तुम्हीच म्हणालात ना सर, एच प्यादं शेवटपर्यंत जपून ठेवायचं."

मी असं म्हणालो नव्हतो. पण त्याने काय ऐकलं असेल हे मला लख्ख दिसत होतं. मी त्याला व्हरांड्यातच बसवलं, वही काढली, आणि तिच्या डावाच्या समोरच्या कोऱ्या पानावर त्याचा डाव उतरवून घ्यायला लागलो. तिसऱ्या चालीवर तो अडकला. "थांबा सर," म्हणाला, "आठवून सांगतो."